षड्रिपूंच्या यादीतले दोन प्रेमळ शब्द



घरात एखादी जुनी लग्नपत्रिका किंवा आजोबांच्या काळातलं पत्र असेल, तर त्याची शेवटची ओळ वाचून बघा. ‘लोभ असावा’ किंवा ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा’ असं काहीतरी तिथे हमखास सापडेल. आपल्याला त्यात काही वेगळं वाटत नाही. पण हाच शब्द एखाद्या हिंदीभाषक मैत्रिणीला दाखवा, ती नक्की दचकेल. तिच्या लेखी लोभ म्हणजे हाव. संस्कृतातही तसंच. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर या सहा शत्रूंमध्ये लोभाचा नंबर तिसरा. आणि आपण मराठी माणसं मात्र पाहुण्यांना हात जोडून सांगतो, आमच्यावर लोभ असू द्या!

गंमत पुढे आहे. भाषांचे अभ्यासक सांगतात की संस्कृतातला ‘लुभ्’ हा धातू आणि इंग्रजीतला ‘लव्ह’ हे एकाच घराण्यातले आहेत. जर्मन ‘लीबे’ही त्यांच्यातलाच. म्हणजे पत्राखाली ‘लोभ असावा’ लिहिणाऱ्या आजोबांनी नकळत ‘लव्ह’च्या सख्ख्या भावंडाला बोलावलं होतं.

यादीतला पहिला शत्रू ‘काम’. त्याचे नातलग तर आणखी दूर, थेट आयर्लंड आणि वेल्समध्ये भेटतात, आणि तिथे ते मित्र आणि सोयरे म्हणून नांदतात. आज त्यांचीच ओळख करून घेऊ. ही वाट आपल्याला तंजावरला घेऊन जाणार आहे. कशी, ते पुढे कळेलच.

पत्राच्या सुरुवातीला ‘मित्रा’

आपण पत्राच्या शेवटी लोभ मागतो, तर आयरिश माणूस सुरुवातीलाच ‘अ खारा’ असं लिहितो. याचा अर्थ ‘हे मित्रा’. सरकारी पत्र असो की संपादकांना लिहिलेली तक्रार, आयरिश भाषेत सुरुवात हीच. मूळ शब्द ‘कारा’, म्हणजे मित्र. हाक मारताना त्याचा ‘खारा’ होतो.

आयरिश ही केल्टिक कुळातली भाषा. याच कुळात वेल्समधली वेल्श आणि फ्रान्सच्या पश्चिम टोकाला बोलली जाणारी ब्रेटन येते. दोन हजार वर्षांपूर्वी आजच्या फ्रान्सच्या बऱ्याच भागात गॉलिश नावाची केल्टिक भाषा चालत असे. ती पुढे लोपली.

आता या बहिणींची घरं एकेक करून पाहू. वेल्शमध्ये ‘कारि’ म्हणजे प्रेम करणं, ‘कारिआद’ म्हणजे प्रेम, आणि ‘कार’ म्हणजे नातलग. एकापेक्षा जास्त नातलग असले की ‘केराइन्ट’. ब्रेटनमध्ये ‘कार’ म्हणजे नातलग, अनेकवचनात ‘केरेन्त’, आणि प्रेमाला शब्द ‘करान्तेज’. आयरिश ‘कारा’चं अनेकवचन ‘कार्दे’. गॉलिश तर गेली, पण रोमन काळातल्या शिलालेखांवर माणसांची नावं उरली आहेत. त्यांत ‘कारांतुस’ आणि ‘कारांतिल्लुस’ अशी नावं येतात.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. एकवचनात लपलेला ‘न्त’ अनेकवचनात डोकं वर काढतो. आयरिशमध्ये त्या ‘न्त’चा काळाच्या ओघात ‘द’ झाला, म्हणून ‘कार्दे’. गॉलिश नावांत तो जसाच्या तसा दिसतो.

चांदणी कशासाठी?

समजा, तुमच्या पणजोबांचा एकही फोटो नाही. पण चार शहरांत राहणाऱ्या त्यांच्या पतवंडांचं नाक सारखंच आहे, हनुवटीवरची खळीही सारखी. तर पणजोबांना तसंच नाक आणि तशीच खळी असणार, असं तुम्ही खात्रीने म्हणाल. भाषांचे अभ्यासकही तेच करतात. आयरिश, वेल्श, ब्रेटन आणि गॉलिश शब्द शेजारी ठेवायचे. कोणत्या भाषेत कोणता आवाज कशात बदलतो, त्याचे नियम तपासायचे. एकाच शब्दावर हे भागत नाही, शेकडो शब्दांत तोच नियम लागू पडावा लागतो. मग सगळ्यांच्या मागचा मूळ शब्द मांडायचा.

इथे तो मूळ शब्द निघतो ‘करंत्स्’. तो कुणी लिहून ठेवलेला नाही, कुणा अभ्यासकाने ऐकलेलाही नाही. म्हणून त्याच्या डोक्यावर एक चांदणी काढतात. पुस्तकात शब्दाआधी अशी चांदणी दिसली की समजायचं, हा शब्द पुराव्यांवरून उभा केलेला आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषाशास्त्रज्ञ आउगुस्ट श्लायखर यांच्यामुळे ही खूण रुळली.

‘करंत्स्’चा अर्थ काय? ‘प्रेम करत असलेला’. त्यातला ‘अंत’ आपल्याला परका नाही. ‘जिवंत’ शब्द घ्या. जीव म्हणजे जगणं, आणि जिवंत म्हणजे जगत असलेला. हा ‘अंत’ आणि केल्टिक शब्दातला ‘अंत’ एकच. इंग्रजी ‘फ्रेंड’च्या शेवटचा ‘न्ड’सुद्धा तोच. फ्रेंड या शब्दाचाही मूळ अर्थ ‘प्रेम करत असलेला’ असाच आहे, फक्त त्याचा धातू वेगळा. तो आपल्या ‘प्रिय’चा नातलग आहे.

सख्खे, सोयरे आणि नुसतेच नामसारखे

‘करंत्स्’च्या मागे आणखी जुना धातू आहे, इच्छा किंवा ओढ या अर्थाचा. तो साधारण ‘का’ असा असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. याच धातूपासून संस्कृतात ‘काम’ झाला. त्यातून आपल्याकडे कामना, मनोकामना, निष्काम असे शब्द आले. लॅटिनमध्ये ‘कारुस’ झाला, म्हणजे लाडका. त्यातून फ्रेंच ‘शेर’, इटालियन ‘कारो’ आणि इंग्रजीतला ‘चॅरिटी’ निघाला. चॅरिटी म्हणजे आज देणगी, पण मुळात ती माया होती.

ओढ एकच, पण प्रत्येक घराने तिला वेगळं वळण लावलं. आपल्याकडच्या शास्त्रांनी कामाला एकीकडे चार पुरुषार्थांत बसवलं, दुसरीकडे शत्रूंच्या यादीत घातलं. केल्टिक घरांनी त्यातून मित्र आणि नातलग घडवले.

इथे एक सावधगिरी हवी. ‘आज ऑफिसला खूप काम आहे’ यातलं काम वेगळं. ते संस्कृत ‘कर्म’पासून प्राकृत ‘कम्म’ होऊन आपल्याकडे आलं. त्याचा या ‘काम’शी काही संबंध नाही. दोघांचं नाव सारखं, एवढंच. शब्दांचं माणसांसारखंच असतं. काही सख्खे असतात, म्हणजे एकाच मुळातून आलेले. काही सोयरे असतात, म्हणजे दुसऱ्या भाषेतून सून किंवा जावई म्हणून आलेले. आणि काही नुसतेच नामसारखे. चेहरा बघून नातं ठरवलं की फसगत होते. नाती ठरतात आवाजांच्या नियमांवरून.

नियमाचं एक सुंदर उदाहरण ‘प्रिय’ या शब्दात आहे. केल्टिक भाषांनी शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ फार पूर्वी टाकून दिला. म्हणून संस्कृतातल्या ‘पिता’चा भाऊ आयरिशमध्ये ‘अहिर’ असा ऐकू येतो. ‘प्रिय’चा ‘प’ काढला की जे उरतं, त्याच्यापासून वेल्शमध्ये ‘रीद’ झाला. त्याचा अर्थ मात्र ‘मुक्त’. इंग्रजी ‘फ्री’सुद्धा ‘प्रिय’च्याच घराण्यातला. प्रिय माणूस मुक्त कसा झाला? जुन्या काळी घरात आपली माणसं असत आणि दासही असत. जी आपली, ती प्रिय, आणि तीच मोकळी. आपलेपणा आणि मोकळेपणा असा एका शब्दात राहिला.

मद्रासमधले आयरिश वकील

आता तंजावरच्या वाटेला लागू.

आदिम केल्टिक शब्दांचा, म्हणजे चांदणीवाल्या शब्दांचा मोठा संग्रह १८९४ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते होते व्हिटली स्टोक्स. जन्म १८३०, डब्लिनचा. पेशाने वकील. १८६२ मध्ये ते भारतात आले आणि सुरुवातीला मद्रासला राहिले. १८६५ मध्ये त्यांनी मद्रासहून हिंदू धर्मशास्त्राच्या ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांचा एक संग्रह काढला. त्यात ‘व्यवहारमयूख’ होता. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठांचा हा ग्रंथ. आपल्या मुंबई इलाख्यातल्या कोर्टांत त्याला मोठा मान होता.

दिवसा कायदा आणि उरलेल्या वेळात आयरिश, असा त्यांचा क्रम. १८६८ मध्ये त्यांनी एक जुना आयरिश शब्दकोश टिपांसह संपादून छापला, आणि तो कुठे? कलकत्त्यात! त्याच वर्षी भारत सरकारने देशभरातली संस्कृत हस्तलिखितं शोधून त्यांच्या याद्या करण्याची योजना हाती घेतली. ती कशी राबवावी, याचं टिपण स्टोक्स यांनी लिहिलं होतं.

पुढच्या दशकात तंजावरला आर्थर बर्नेल नावाचे जिल्हा न्यायाधीश होते. राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची त्यांनी मद्रास सरकारसाठी तयार केली. ती १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. त्या राजवाड्यातला हा ग्रंथसंग्रह म्हणजे आजचं सरस्वती महाल ग्रंथालय.

थोडा विचार करा. जो माणूस केल्टिक भाषांतले विखुरलेले शब्द गोळा करून हरवलेला मूळ शब्द शोधत होता, तोच इथल्या पोथ्या हरवण्याआधी नोंदवून ठेवा म्हणून सांगत होता. शब्द एकदा गेला की तो परत उभा करणं किती कष्टाचं असतं, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं.

तंजावरचं पाच भाषांतलं प्रेम

तंजावरला आपली माणसं १६७६ च्या सुमारास गेली. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी तिथे राज्य स्थापलं. ते १८५५ पर्यंत टिकलं. राज्य मराठ्यांचं, प्रजा तमिळ, दरबारी संगीत आणि काव्य बरंचसं तेलुगू, शास्त्र संस्कृत. एकाच अंगणात एवढ्या भाषा नांदायच्या.

व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होते. ते स्वतः नाटककार. त्यांच्या नावावर ‘पंचभाषाविलास’ नावाचं नाटक आहे. त्यात वेगवेगळ्या प्रांतांच्या राजकन्या कृष्णावर जीव जडवतात आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलते. तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषा एका नाटकात. अनेक भाषांत निघणाऱ्या आपल्या या मासिकाच्या वाचकांना ही कल्पना नक्कीच आवडेल.

प्रेमाचे शब्द त्या अंगणात कसे मिसळले असतील? तमिळमध्ये माया, जिव्हाळा याला ‘अन्बु’ म्हणतात, प्रियकर-प्रेयसीच्या प्रेमाला ‘कादल’. हे तमिळचे स्वतःचे शब्द. तमिळ द्रविड कुळातली, तिचा वंश वेगळा. ‘कादल’ची सुरुवातही ‘का’नेच होते, म्हणून त्याला ‘काम’चा भाऊ ठरवायला जाऊ नका. तो नामसारखा. पण तमिळमध्ये ‘कामम्’ही आहे, आणि तो संस्कृतातून आलेला सोयरा. सोयरा असला तरी त्याचा मान असा की तिरुक्कुरळ या महान ग्रंथाचा तिसरा भाग त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्या भागात २५ अध्याय आणि २५० कुरळ आहेत, सगळे प्रेमावर. षड्रिपूंमधला पहिला शत्रू तिथे सन्मानाने बसला आहे.

आणखी एक सोयरा बघा. संस्कृत ‘पाश’ म्हणजे फास, बंधन. तमिळमध्ये त्याचा ‘पासम्’ झाला आणि तिथे आईची लेकरावरची माया म्हणजे पासम्. फास होता, माया झाली!

आपणही काही कमी नाही. ‘माया’ वेदान्तात भ्रम, आपल्या घरात आजीचं प्रेम. ‘ममता’ म्हणजे मुळात ‘माझं, माझं’ करणं, साधकांनी सोडायची गोष्ट. आपल्याकडे ती आईची ओळख. ‘लोभ’ तर सुरुवातीलाच पाहिला. पंडितांनी ज्यांना दोष म्हटलं, ते शब्द स्वयंपाकघरात आणि ओसरीवर वापरले गेले आणि प्रेमळ झाले. शब्दाचा अर्थ कोशात नोंदला जातो, पण घडतो घरात. आयर्लंडमध्ये घडला, तंजावरला घडला, तुमच्या-आमच्या घरातही घडतो.

दगडावर काय राहतं?

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. मराठीतल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. मंदिरात गेलात तर तो जरूर बघा. तमिळनाडूतल्या चोळांच्या देवळात भिंतीवर आपली अक्षरं बघून ऊर भरून येतो. सरस्वती महालात पोथ्या आहेत, मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. राजांची वंशावळ, लढाया, दानं, हिशेब सगळं लिहिलेलं आहे.

पण पाळणा हलवताना कोणत्या शब्दाने लेकराला जवळ घेतलं, रुसलेल्या सुनेला सासू काय म्हणाली, मित्राला लाडाने काय हाक मारली, हे दगडावर कोण कोरणार? ते तोंडी राहतं. तंजावरच्या आणि तिथून चेन्नई, बंगळुरूला गेलेल्या मराठी कुटुंबांत साडेतीनशे वर्षांनंतरही घरात मराठी बोलली जाते. शाळा मात्र तमिळ किंवा इंग्रजी. पुष्कळांना मराठी बोलता येते, पण देवनागरी लिहिता येत नाही. मग मराठी शब्द तमिळ अक्षरांत उतरतात. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. त्यामुळे कागदावर ‘काम’ आणि ‘गाम’ सारखेच दिसतात. नेमका उच्चार सांगायला घरातली म्हातारी माणसंच लागतात.

गॉलिश भाषेचं असंच झालं. दगडांवर नावं राहिली. ‘कारांतुस’ नावाचा कुणी होता, एवढं आज कळतं. पण त्याला असं नाव ठेवणारी आई त्याला उठवताना काय म्हणायची, ते कायमचं गेलं. अभ्यासक फार तर एक चांदणी काढून अंदाज मांडू शकतात.

तंजावरचं उदाहरण दूरचं वाटेल, पण आपली घरं तरी वेगळी कुठे आहेत? कुणी पुण्याहून ह्यूस्टनला, कुणी सोलापूरहून सुरतेला, कुणी बेळगावहून बंगळुरूला. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणारी आजी गेली की तिच्याबरोबर मायेचे चार-दोन शब्द जातात, आणि घरातल्या कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

या महिन्याचं घरचं काम

आपल्या हातात फोन आहे. स्टोक्स यांच्याकडे तो नव्हता. म्हणून एवढं करा.

घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा. लहानपणी त्यांना लाडाने काय म्हणत, रडणाऱ्या मुलाला काय म्हणून समजावत, नवरा-बायको एकमेकांना काय हाक मारत, जिवाभावाच्या मैत्रिणीला काय शब्द होता, हे विचारा. शेवटचे दोन प्रश्न विचारल्यावर आजी लाजली तर थांबा, थोड्या वेळाने पुन्हा विचारा.

फोनवर आवाज रेकॉर्ड करा, कारण उच्चार लिहून पुरेसा कळत नाही. शब्द एकटा घेऊ नका, पूर्ण वाक्य बोलायला सांगा. कुणी, कुणाला, केव्हा म्हणायचं, तेही विचारून ठेवा. फाइलला नाव, गाव आणि तारीख द्या. मग ती घरच्या ग्रुपवर टाका, म्हणजे एका फोनबरोबर ती हरवणार नाही. मुलांना हे काम सांगा. नातवंडांनी विचारलेल्या प्रश्नांना आजीआजोबा जास्त मोकळेपणाने उत्तर देतात.

आणि तो शब्द नुसता साठवू नका. एकदा तरी घरात वापरा. लोभाचं प्रेम झालं ते वापरामुळेच.

तुमच्या घरातला असा एखादा शब्द आम्हालाही कळवा, गावाच्या नावासह. पुढच्या वेळी त्यातल्या काहींची कुळकथा आपण मिळून शोधू.

तोवर लोभ असावा.